अर्ध्यावरचा झेंडा

मी बुधवारी सकाळी आठ वाजता मेलो आणि पावणेअकरापर्यंत मेलेलाच होतो. या पावणेतीन तासांत डेन्मार्कमधल्या आमच्या स्कारबी गावातल्या एकाही माणसाने माझं दार वाजवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता जो तो म्हणतो की सगळा घोळ त्या परक्या मुलीने घातला. अर्धा घोळ माझा होता आणि अर्धा गावाचा. मुलीचा हात त्यात दोरी ओढण्यापुरताच होता.

मुलीचं नाव ताम्ता. वय सतरा, गाव कुतायसी, देश जॉर्जिया. वर्षभर शिकायला आलेली, बोलण्यापुरती डॅनिश घरूनच शिकून. अशा विद्यार्थ्यांना इथल्या कुटुंबांत ठेवणारी एक संस्था आहे, आणि आमच्या भागाचं काम आनेग्रेटे नावाच्या बाई बघतात. मूळच्या कोपनहेगनच्या, कायम घाईत, चष्मा कायम गळ्यात. ताम्तासाठी ठरवलेल्या घरातले नवरा-बायको ती विमानात असतानाच वेगळे झाले. मग बाईंनी फोनाफोनी केली आणि ती फिरत फिरत माझ्या मुलीपर्यंत, लिस्बेथपर्यंत पोचली. लिस्बेथ आरहूसला असते आणि मी एकटा काय करत असेन याची काळजी तिथे बसून करते. तिने माझ्या वरच्या दोन रिकाम्या खोल्या परस्पर देऊन टाकल्या आणि मग मला विचारलं.

"माझी काही हरकत नाही," मी म्हणालो.

आमच्या भागात फार आनंद झाला की माणूस एवढंच म्हणतो. एलिनोरला मी लग्नाचं विचारलं तेव्हा तिनेही हेच उत्तर दिलं होतं, आणि पुढे आम्ही चव्वेचाळीस वर्षं एकत्र काढली. ती जाऊन आता तीन वर्षं झाली.

व्यवस्था तात्पुरती होती. मुलगी शुक्रवारी येणार, पुढच्या बुधवारी दुपारी तीनला आनेग्रेटेबाई घर बघायला येणार आणि मग ठरवणार. एकट्या म्हाताऱ्याला कुटुंब म्हणायचं का, असा त्यांना प्रश्न पडला होता. होल्स्टेब्रोला दुसरं घर तयारच होतं. आई, बाबा, तिच्या वयाच्या दोन मुली आणि अंगणात ट्रँपोलिन. ट्रँपोलिनचा उल्लेख बाईंनी फोनवर दोनदा केला. मी पस्तीस वर्षं या खाडीत फेरीबोट चालवली, वादळात गाभण गाई पलीकडे नेल्या, आणि आता माझी बरोबरी उड्या मारायच्या जाळीशी चालली होती.

शुक्रवारी ताम्ताने आल्या आल्या सुटकेस उघडली. द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या चार माळा तिने टेबलावर मांडल्या. मी एक घेतली, अर्धी कापली आणि उरलेली अर्धी कपाटात ठेवली. माझ्या घरी सगळं असंच चालतं. राय धान्याच्या काळ्या पावाची चकती अर्धी, त्यावर हेरिंग मासा, मग दुसरी अर्धी, त्यावर चीज. कॉफी अर्धा कप, लागली तर परत अर्धा. ती मोठ्या डोळ्यांनी बघत होती. भूक लागली असेल असं मला वाटलं, म्हणून मी विचारलं, "आणखी घेणार का?" ती "नको" म्हणाली. मी डबा बंद केला. नको म्हणजे नको, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं, असंच मी लहानपणापासून शिकलोय.

शनिवारी सकाळी सातला माझ्या झोपायच्या खोलीचं दार वाजलं.

"बाबुआ, उठलात?"

बाबुआ म्हणजे त्यांच्यात आजोबा. इथे शाळेतली पोरंसुद्धा मला एवाल्ड म्हणतात, आणि मी तिला तसं सांगितलंही होतं, पण ते तिच्या जिभेवर काही बसेना. मी पाचपासून उठून बसलो होतो. दार उघडलं तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या होत्या.

"इथे कुणी कुणाचं दार वाजवत नाही," मी म्हणालो.

"मग कळणार कसं?"

"काय कळणार?"

"तुम्ही उठलात की नाही ते."

मी रागाने दार लावून घेतलं. रविवारी तर तिने न विचारता माझ्या ताटात दुसरा बटाटा ठेवला. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर. मी तो खाल्ला. सोमवारी मी पाचला उठलो, कॉफी घेतली, आणि सातला पाच मिनिटं असताना परत जाऊन पांघरुणात शिरलो. दार वाजलं. मी "हं" म्हणालो. ही गोष्ट मी लिस्बेथला अजून सांगितलेली नाही.

त्याच सोमवारी पेपर आला आणि त्यात माझी जाहिरात होती. ताम्ता फोनमधल्या शब्दकोशावर एकेक शब्द लावत वाचत बसली. 'निवृत्त फेरीचालक एवाल्ड थ्यूगेसन बुधवारी ७५ वर्षांचे होत आहेत. कोणीही दखल घेऊ नये, ही विनंती.'

"लोकांनी येऊ नये म्हणून पेपरात छापता?" तिने विचारलं.

"पद्धत आहे."

"म्हणजे तुम्हाला कुणी यायला नकोय?"

"तसं नाही."

"मग हवंय?"

"तसंही नाही. गाजावाजा बरा दिसत नाही. आपण कोणी विशेष आहोत असं वाटायला नको लोकांना."

तिने पेपराची घडी घातली. आता सांगायला हरकत नाही, त्याच दिवशी दुपारी मी बेकरीत फोन करून बदामाचं सारण भरलेलं मोठं क्रिंगल सांगितलं होतं. वीस माणसांचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

राहिला झेंडा. इथे वाढदिवसाला दारात झेंडा चढतो, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी चढवायचा असतो. स्वतःचा झेंडा स्वतः चढवणं म्हणजे स्वतःची पाठ स्वतः थोपटणं. एलिनोर होती तोवर ती आठच्या ठोक्याला चढवायची. ती गेल्यापासून माझ्या वाढदिवसाला माझा खांब उघडाच राहिला होता. मंगळवारी संध्याकाळी मी झेंड्याला इस्त्री केली, घडी घातली आणि दाराशी बाकावर ठेवली, ताम्ताच्या बुटांच्या बरोबर वर. सकाळी आठच्या आधी झेंडा चढवत नाहीत, हेही भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्याने बोललो. चढव, असं मात्र म्हणालो नाही. ते मागितल्यासारखं झालं असतं.

बुधवारी सातला दार वाजलं. ती ट्रे घेऊन आली. उकडलेलं अंडं, पाव, कॉफीचा कप काठोकाठ, आणि सोबत तिच्या भाषेतलं एक गाणं, सगळं उभ्याने म्हटलेलं. मग म्हणाली, "झेंडा मी बसला जाता जाता लावते. तुम्ही उठू नका." मी म्हणालो, "कशाला उगाच," आणि उठलो नाही. साडेनऊपर्यंत लोळत होतो. कॉफी पूर्ण कप प्यायलो. माझा खांब खाडीच्या अंगाला आहे, घरातून दिसत नाही, पण अख्ख्या गावाला दिसतो. बाहेर जाऊन आपलाच झेंडा बघत उभं राहणं काही बरं नाही, म्हणून गेलो नाही. झेंडा वर आहे आणि गाव बघतंय, एवढ्यावर मी खूश होतो.

साडेदहाला पेपर घ्यायला दार उघडलं तर पायरीवर एक काचेचं भांडं. वर कागद लावलेला, आत मीटबॉल, अजून कोमट. शेजारी डेलियाची पाच फुलं. चिठ्ठी नाही. कुणीतरी माझी विनंती मोडली होती आणि मला इतकं बरं वाटलं की मी भांडं उचलायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. मग मान वर केली तर समोर याल्मारच्या दारातला झेंडा अर्ध्यावर. त्याच्या पलीकडचा अर्ध्यावर. चर्चकडच्या वळणापर्यंत जेवढे खांब दिसत होते तेवढे सगळे अर्ध्यावर.

गावात कुणीतरी मेलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचाहत्तर वर्षं मी या गावात राहतोय. मी मनातल्या मनात एकेकाला मारून बघितलं. कर्स्टीन? ती परवाच दवाखान्यात गेली होती. का याल्मारची बायको गुद्रून? झेंडा याल्मारच्या दारातला, म्हणजे गुद्रूनच. मी आत गेलो, काळा कोट घातला, टोपी घेतली आणि रस्ता ओलांडून याल्मारची घंटा वाजवली. मी वाजवली, हे लक्षात ठेवा.

याल्मार आमच्या होडी मंडळाचा अध्यक्ष. आम्ही साठ वर्षांपूर्वी एका बाकावर बसायचो आणि तेव्हापासून आमचं कुठल्याच गोष्टीवर एकमत नाही. त्याने दार उघडलं. हातात पेन होतं. मला बघून त्याचा चेहरा ताकासारखा पांढरा झाला.

"याल्मार, फार वाईट वाटलं," मी टोपी काढून म्हणालो.

त्याने मला बुटांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोण गेलं?"

"तू," तो म्हणाला.

आतून गुद्रूनचा आवाज आला, "कोण आलंय?"

"एवाल्ड."

"मूर्खासारखं बोलू नकोस," असं म्हणत ती बाहेर आली. तिच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात डेलियाची जुडी. ती मटकन बूट काढायच्या स्टुलावर बसली.

पुढची पाच मिनिटं आम्ही तिघे एकमेकांना मी मेलेलो नाही हे पटवून देत होतो. स्वयंपाकघराच्या टेबलावर याल्मारने लिहायला घेतलेला कागद पडला होता. मी वाचला. 'शांत, समजूतदार, कधी कुणाला त्रास न दिलेला सहकारी.' हा माणूस गेल्याच आठवड्यात मला धक्क्यावर चारचौघांत हेकट बैल म्हणाला होता. मेल्या म्हशीला मणभर दूध. त्याखाली एक ओळ होती, 'होडीची जागा क्रमांक सात. बिस्गोरला कळवले.'

"कळवले? माझी जागा?" मी विचारलं.

"तो नऊ वर्षं रांगेत आहे, एवाल्ड."

"नऊ वर्षं थांबला, आणखी दोन तास थांबला असता तर मेला असता का? तुम्ही मला पुरायला तरी थांबायचं."

"तुझा झेंडा अर्ध्यावर होता."

"तेच विचारतोय. अर्ध्यावर आणला कुणी, असं वाटलं तुम्हाला? मी?"

"लिस्बेथ आली असेल असं वाटलं," गुद्रून म्हणाली.

"तिची गाडी दिसली?"

"नाही."

"डॉक्टरची?"

"नाही. पण मी आले होते ना पायरीपर्यंत. मीटबॉल ठेवून गेले."

"घंटा पायरीपासून दोन फुटांवर आहे, गुद्रून."

"दुःखाच्या घरी घंटा कशाला वाजवायची? माणसांना त्रास होतो."

एलिनोर गेली तेव्हाही असंच झालं होतं. आठवडाभर पायरीवर भांडी येत होती, भरलेली, गरम, झाकलेली, आणि घंटा एकदाही वाजली नव्हती. मी दाराआड उभा राहून पावलं ऐकायचो. यायची आणि जायची. तेव्हा मी त्याला माणुसकी म्हटलं होतं.

"आणि मी आत जमिनीवर पडलेलो असतो," मी म्हणालो, "थोडा श्वास चालू असता, तर?"

गुद्रूनने कात्री टेबलावर ठेवली. याल्मार म्हणाला, "आम्हाला वाटलं, कुणीतरी बघितलंच असेल." हे वाक्य तो गावातल्या प्रत्येकाच्या वतीने बोलत होता, आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात गुद्रूनचा फोन वाजला. बेकरीतली युटे होती, आणि युटेचा आवाज फोनच्या बाहेरही ऐकू येतो. एवाल्डचं वीस माणसांचं क्रिंगल तयार आहे, ते मयताच्या कॉफीसाठी फ्रीजरमध्ये टाकू का, असं ती विचारत होती.

"वीस माणसांचं?" याल्मार म्हणाला. "तू तर छापलं होतंस, येऊ नका म्हणून."

"ते छापायचं असतं."

"आम्ही आलो असतो, एवाल्ड."

"मग यायचं."

"तू नको म्हणालास."

युटे अजून बोलतच होती. ती चष्मेवाली बाई बिचारी, म्हणाली ती. तीनला यायची होती म्हणे, पण या बाजूला काम होतं म्हणून सकाळीच आली आणि एवाल्डच्या घराचा रस्ता विचारायला दुकानात शिरली. मीच सांगितलं तिला, म्हणाली युटे, एवाल्ड गेला, आता कुठे जातेस म्हणून. रडवेली झाली. तशीच शाळेत गेली, मुलीला सांगायला.

मी फोन ओढून घेतला. "किती वेळ झाला?"

पलीकडे काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग युटे बारीक आवाजात म्हणाली, "अर्धा तास."

मी शाळेला फोन करायला घराकडे धावलो. पंचाहत्तराव्या वर्षी, काळ्या कोटात, डांबरी रस्त्यावर. मधल्या वाटेतच आनेग्रेटेबाईंची गाडी वळणावरून आली. ती थांबायच्या आधीच मागचं दार उघडलं आणि ताम्ता उतरली. मला बघून ती जागच्या जागी उभी राहिली, मग सरळ अंगावर धावून आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली.

"अंडं खाल्लं होतं तुम्ही," ती ओरडत होती. "मी सांगत होते त्यांना, सकाळी अंडं खाल्लंय त्यांनी, असं कसं होईल. कुणी ऐकलं नाही."

चेहरा रडून सुजला होता. शाळेपासूनचे बारा किलोमीटर ती तशीच रडत आली होती. मला काय करावं कळेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

मग आम्ही सगळे घराला वळसा घालून खांबापाशी गेलो. मी, ताम्ता, आनेग्रेटेबाई, आणि मागून याल्मार आणि गुद्रून, फुलांसकट. झेंडा बरोबर मध्यावर, दोरीला व्यवस्थित गाठ मारलेली.

"मेलेल्या माणसासाठी असा लावतात," आनेग्रेटेबाई म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

ताम्ताने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते सगळंच अर्धं घेतात. पाव अर्धा, कॉफी अर्धी. पेपरातही लिहिलं, कुणी बघू नका. झेंडा टोकापर्यंत नेला तर गावात त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं. म्हणून अर्धा लावला."

मला तर जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. सहा दिवसांत एका पोरीने मला पूर्ण वाचलं होतं, आणि वाचून माझी लाज राखायला गेली होती.

स्वयंपाकघरात बसल्यावर आनेग्रेटेबाईंनी वही उघडली. त्या चांगल्या आहेत, हे मला आता मान्य आहे, पण त्या वेळी त्यांचा आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ झाला होता.

"एवाल्ड, तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण सहाव्या दिवशी मी या मुलीला वर्गातून उठवून तुमच्या मरणाची बातमी दिली. उद्या खरंच काही झालं तर घरात दुसरं मोठं माणूस नाही. होल्स्टेब्रोचे लोक आजच न्यायला तयार आहेत. तिथे..."

"ट्रँपोलिन आहे," मी म्हणालो.

"तुमचं मत मला लिहायला हवं. ती इथे राहावी असं तुम्हाला वाटतं का?"

ताम्ता दाराशी उभी होती. याल्मार आणि गुद्रून तिच्या मागे. चार जणं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तेच म्हणालो जे माझा बाप म्हणाला असता.

"माझी काही हरकत नाही."

बाईंनी मान डोलावली आणि लिहिलं. मला उलटं वाचता येतं. 'यजमानांचा विशेष आग्रह नाही.' ताम्ता वळली आणि जिना चढून गेली. थोड्या वेळाने वरून सुटकेसच्या चेनचा आवाज आला.

"एवाल्ड," गुद्रून म्हणाली, "बाई कोपनहेगनच्या आहेत. त्यांना काय कळणार आहे? तोंड उघड."

माझ्या मनात संतापाने गर्दी केली होती. बाईंवर राग, त्या वहीवर राग, गावावर, याल्मारच्या कागदावर, माझ्या बापावर, आणि मरताना मला एकटा टाकून गेली म्हणून एलिनोरवरही. मी टेबलावर हात आपटला. कप हलले.

"ते खोडा," मी म्हणालो. "आणि मी सांगतो तसं लिहा. मला ती मुलगी इथे हवी आहे. हवी आहे, असंच लिहा. रोज सकाळी सातला ती माझं दार वाजवते. तीन वर्षांत या गावात ते दुसऱ्या कुणी केलं नाही. आज मी मेलो होतो आणि अख्खं गाव पायरीपाशी येऊन परत गेलं. ती एकटी म्हणत होती की त्यांनी अंडं खाल्लंय. मी म्हातारा आहे, कबूल. पण मला काही झालं तर ते दुसऱ्या दिवशी सातला कळेल, आणि ते कळणारं या गावात हे एकच घर आहे."

याल्मार आपल्या बुटांकडे बघत होता.

"हे मी नियमात कुठे बसवू?" आनेग्रेटेबाई म्हणाल्या, पण पेन हातात घेऊन.

"ट्रँपोलिनच्या वर."

जिन्यावर सुटकेस थांबली होती. ताम्ता चौथ्या पायरीवर उभी राहून ऐकत होती.

"खरंच हवी आहे?" तिने विचारलं. "का म्हणायचं असतं म्हणून?"

"म्हणायचं नसतं," मी म्हणालो. "इथे कुणीच म्हणत नाही. म्हणून तर उशीर झाला."

"मग मी राहते," ती म्हणाली. "पण पाव अख्खा खायचा."

बाईंनी 'नाताळपर्यंत, मग पुन्हा भेट' असं लिहिलं आणि चष्मा गळ्यात सोडला. गुद्रूनने फुलं कशात ठेवायची असं विचारलं, म्हणजे तीन वर्षांनी गावातल्या कुणीतरी माझ्या घरात येऊन काहीतरी विचारलं.

अर्ध्यावरचा झेंडा थेट खाली घेत नाहीत. आधी टोकाला न्यावा लागतो. ताम्ताने गाठ सोडली आणि दोरी ओढली, तो वर जाऊन थडकला, आणि या वेळी आम्ही तो तिथेच ठेवला. मयत पुरून झालं की आमच्याकडे असाच झेंडा टोकाला नेतात, त्यामुळे गावाच्या हिशेबाने पावणेबाराला माझा अंत्यविधीही आटोपला. हळूहळू बाकीचे झेंडेही वर गेले. मी याल्मारला सांगितलं की प्रत्येक घरी जाऊन सांग, तीनला कॉफी आहे. त्याने विचारलं, "घंटा वाजवून?" मी म्हणालो, "वाजवून."

एकतीस माणसं आली. क्रिंगल मधोमध गोठलेलं होतं. बिस्गोरही आला आणि म्हणाला की जागा क्रमांक सात बघून आलो, चांगली आहे, सावकाश होऊ दे. मी त्याला सगळ्यात मोठा तुकडा दिला.

वाढदिवसानंतर पेपरात आभार मानायचीही पद्धत आहे. शुक्रवारी मी आणि ताम्ता लिहायला बसलो. मी 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' लिहिलं आणि ती म्हणाली, "हे अर्धं झालं." मग मी आणखी दोन वाक्यं घातली. पेपरवाल्यांनी फोन करून विचारलं, हे असंच छापायचं का. मी हो म्हणालो. 'पुढच्या जूनमध्ये ताम्ता तिच्या घरी जाईल, आणि त्यानंतर माझ्या घरचा झेंडा अर्ध्यावर आणायला कोणी नसेल. तेव्हा झेंड्याची वाट न बघता दार वाजवावे.'

हे मंगळवारी छापून आलं. बुधवारी सकाळी सातला ताम्ताने माझ्या खोलीचं दार वाजवलं, आणि मी "हं" म्हणतो तोच खालची घंटा वाजली. मी उतरून दार उघडलं. याल्मार उभा होता, केस विंचरलेले, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर वैताग.

"वाजवली," तो म्हणाला. "आता पुढे काय करायचं असतं?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं. मागून स्वयंपाकघरात ताम्ताने तिसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आत ये," मी म्हणालो.